मृत्यूच्या नोंदीतले न विचारलेले प्रश्न

१९१८च्या जूनमध्ये इन्फ्लुएंझाची साथ मुंबई बंदरात उतरली आणि रेल्वेच्या रुळांवरून देशभर गेली. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये आलेली तिची दुसरी लाट अधिक घातक होती. त्या वर्षी पावसाने ओढ दिली होती, धान्य महागले होते आणि महायुद्ध अजून संपायचे होते. या साथीने भारतात किती बळी घेतले याचे अभ्यासकांचे अंदाज सव्वा कोटीपासून दोन कोटींपर्यंत जातात. भारताची लोकसंख्या वाढण्याऐवजी घटली, असे विसाव्या शतकातील एकमेव दशक म्हणजे १९११ ते १९२१.

या साथीवर बरेच लिहिले गेले आहे. मला मात्र तिच्या इतिहासातील एक छोटा तक्ता पुन:पुन्हा पाहावासा वाटतो. मुंबई शहरात साथीने मरण पावलेल्यांचे प्रमाण त्यात समाजगटांनुसार दिले आहे. दर हजार लोकसंख्येमागे युरोपीय ८.३, पारशी ९, भारतीय ख्रिस्ती १८.४, हिंदू १८.९, मुसलमान १९.२. त्यानंतर ‘खालच्या जातींचे हिंदू’ असा रकाना येतो आणि त्यापुढचा आकडा आहे ६१.६. शहर एक, विषाणू एक आणि महिनेही तेच. तरी सर्वात सुरक्षित आणि सर्वात असुरक्षित गटांच्या मृत्युदरात सातपटीहून अधिक अंतर होते.

हा तक्ता वसाहती सरकारच्या कनवाळूपणातून तयार झाला नव्हता. प्रजेची विभागणी जातिधर्मानुसार करणे ही त्या राज्यकारभाराची रीतच होती आणि मुंबईच्या मृत्यूच्या नोंदवह्या त्याच रीतीने भरल्या जात. त्या वर्गवारीच्या मागे कोणता हेतू होता यावर वाद घालता येईल. परंतु तो तक्ता होता म्हणूनच शंभर वर्षांनंतर आपण ठामपणे सांगू शकतो की, १९१८ची साथ सर्वांसाठी सारखी नव्हती.

आता याच शहरासाठी, किंवा दिल्ली, लखनौ, चेन्नई यांपैकी कोणत्याही शहरासाठी, २०२० आणि २०२१ या वर्षांचा असाच तक्ता कोणी मागितला तर तो देता येणार नाही. तो कोठे लपवून ठेवलेला आहे असे नव्हे. तो कधी तयारच झाला नाही. स्वतंत्र, प्रजासत्ताक, संगणकयुगातील भारताला आपल्या सर्वात मोठ्या साथीत कोण किती मेले हे जात, पेशा आणि घर यांनुसार सांगता येत नाही. आगामी जनगणनेत जातीची नोंद होणार असल्याचे सरकारने जाहीर केले असताना या उणिवेची चर्चा होणे मला अगत्याचे वाटते.

घर: संसर्गाची पहिली पायरी

श्वसनमार्गाने पसरणाऱ्या विषाणूचा हिशेब तसा साधा असतो. बाधित माणसाच्या श्वासातून बाहेर पडलेले सूक्ष्म कण किती वेळ हवेत राहतात, ती हवा किती लवकर बदलते आणि त्या हवेत दुसरी माणसे किती वेळ बसतात, यावर संसर्ग ठरतो. याचा अर्थ असा की, माणसाची जोखीम आधी त्याच्या घराच्या नकाशावर लिहिलेली असते. २०११च्या जनगणनेनुसार देशातील सुमारे ३७ टक्के कुटुंबे एकाच खोलीत राहत होती. अशा कुटुंबाला ‘बाधिताने वेगळ्या खोलीत राहावे’ हा सल्ला देणे म्हणजे नसलेल्या खोलीचे दार लावून घ्यायला सांगणे होते.

याचे मोजमाप काही ठिकाणी झाले आणि ते डोळे उघडणारे ठरले. जुलै २०२० मध्ये नीती आयोग, मुंबई महापालिका आणि टाटा मूलभूत संशोधन संस्था यांनी माटुंगा, चेंबूर पश्चिम आणि दहिसर या तीन प्रभागांत जवळपास सात हजार लोकांच्या रक्तातील प्रतिपिंडे तपासली. झोपडपट्ट्यांतील ५७ टक्के लोकांना संसर्ग होऊन गेलेला आढळला. त्याच प्रभागांतील इतर वस्त्यांत हे प्रमाण १६ टक्के होते. पुण्यात त्याच सुमारास झालेल्या सर्वेक्षणात, स्वतंत्र शौचालय असलेल्यांमध्ये सुमारे ४५ टक्के, तर सामायिक शौचालय वापरणाऱ्यांमध्ये सुमारे ६२ टक्के लोक बाधित होऊन गेल्याचे दिसले. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या ऑगस्ट-सप्टेंबर २०२०च्या देशव्यापी सर्वेक्षणातही हाच उतार होता: शहरी झोपडपट्ट्यांत १५.६ टक्के, शहरांच्या उर्वरित भागांत ८.२ टक्के आणि ग्रामीण भागात ४.४ टक्के.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे नोंदवली पाहिजे. मुंबईच्या त्या सर्वेक्षणात झोपडपट्ट्यांत संसर्ग अफाट होता, पण नोंदल्या गेलेल्या मृत्यूंचे बाधितांशी प्रमाण अत्यल्प, हजारी एक किंवा त्याहून कमी, निघाले. याचे एक कारण उघड आहे. झोपडपट्ट्यांतील लोकसंख्या तरुण असते आणि हा आजार वयानुसार मारत होता. दुसरे कारण असे असू शकते की, काही मृत्यू कोविडच्या नावावर चढलेच नाहीत. या दोहोंपैकी कशाचा वाटा किती, हे ठरवायचे तर एकाच वयाच्या, परंतु वेगवेगळ्या घरांत राहणाऱ्या माणसांच्या मृत्यूंची तुलना करावी लागेल. त्यासाठी मृत्यूच्या नोंदीत घराविषयी काहीतरी असायला हवे. ते नसते.

काम आणि उपचार

दुसरी पायरी कामाची. २४ मार्च २०२०च्या रात्री आठ वाजता टाळेबंदी जाहीर झाली आणि चार तासांनी ती लागू झाली. घरातून काम करता येणाऱ्यांसाठी तो अंतर राखण्याचा काळ होता. ज्यांचे काम घरातून होण्यासारखे नव्हते, त्यांच्यापैकी काहींचे काम गेले आणि काहींना कामावर जावेच लागले. मी राहतो त्या दिल्लीतील वसाहतीत घरकाम करणाऱ्या बायकांना फाटक बंद झाले. फाटकावर उभा राहणारा रखवालदार मात्र बारा-बारा तास तेथेच राहिला, येणाऱ्या प्रत्येकाचे तापमान मोजत. सफाई कामगार, स्मशानातील कर्मचारी, रुग्णवाहिकेचे चालक, घरोघरी फिरणाऱ्या सुमारे दहा लाख आशा सेविका यांचेही तसेच. सफाईचे आणि अंत्यसंस्काराचे काम आपल्या देशात कोणत्या जातींच्या वाट्याला येते हे सांगण्याची गरज नाही. त्यामुळे भारतात ‘पेशानुसार जोखीम’ असे म्हटले की, त्यात ‘जातीनुसार जोखीम’ बऱ्याच अंशी आलीच.

तिसरी पायरी उपचाराची. २०२१च्या जून-जुलैपर्यंत देशातील दोन-तृतीयांश लोकांच्या शरीरात प्रतिपिंडे आढळू लागली होती. विषाणू बंगल्यातही पोहोचला होता आणि झोपडीतही. कोणाला संसर्ग होतो यापेक्षा, झालेल्याला काय मिळते हा प्रश्न आता निर्णायक ठरला. नागरी नोंदणी व्यवस्थेच्या अहवालानुसार, २०१९ मध्ये नोंदल्या गेलेल्या मृत्यूंपैकी ३४.५ टक्के माणसे कोणत्याही वैद्यकीय मदतीविना मेली होती. २०२० मध्ये हे प्रमाण ४५ टक्क्यांवर गेले. रुग्णालयांत झालेल्या मृत्यूंचे प्रमाण त्याच वर्षी ३२ टक्क्यांवरून २८ टक्क्यांवर घसरले. हे सर्व मृत्यू कोविडचे नव्हेत. परंतु महामारीच्या वर्षात रुग्णालयातील मृत्यूंचा वाटा वाढण्याऐवजी कमी व्हावा, यातून दारे कोणासाठी बंद झाली असतील याचा अदमास येतो. आरोग्यावरील एकूण खर्चापैकी जवळपास निम्मा खर्च लोक तेव्हा स्वत:च्या खिशातून करत होते, अशा देशात खाट आणि प्राणवायू हे खिसा पाहूनच मिळणार होते.

लसीकरणातही हेच घडले. १ मे २०२१ पासून १८ ते ४४ वयोगटासाठी कोविन संकेतस्थळावर नोंदणी आणि वेळ घेणे बंधनकारक करण्यात आले. स्मार्टफोन, इंग्रजीची ओळख आणि वेगवान बोटे असणाऱ्यांनी काही सेकंदांत वेळा पटकावल्या. सर्वोच्च न्यायालयाने ३१ मेच्या आदेशात या डिजिटल दरीवर बोट ठेवले; पुढे केंद्राने धोरण बदलले आणि २१ जूनपासून सर्व प्रौढांसाठी मोफत लस देण्याची जबाबदारी स्वत:कडे घेतली. धोरणाचा परिणाम कोणावर कसा होतो हे दिसले की ते सुधारता येते, याचे हे उदाहरण आहे. ज्या गोष्टी दिसल्या नाहीत, त्या सुधारल्याही गेल्या नाहीत.

‘माहिती उपलब्ध नाही’

महामारीच्या काळातील संसदेची कामकाज पत्रिका वाचताना एक वाक्प्रयोग सतत भेटतो. सप्टेंबर २०२० मध्ये लोकसभेत विचारण्यात आले की, टाळेबंदीत गावी परतताना किती स्थलांतरित मजूर मरण पावले? कामगार मंत्रालयाचे उत्तर होते की, अशी माहिती ठेवलेली नाही. एक कोटीहून अधिक मजूर आपल्या राज्यांत परतले याचा आकडा मात्र त्याच मंत्रालयाकडे होता. जुलै २०२१ मध्ये राज्यसभेत प्राणवायूअभावी झालेल्या मृत्यूंविषयी प्रश्न आला. राज्यांनी आणि केंद्रशासित प्रदेशांनी असे मृत्यू विशेषत्वाने कळवलेले नाहीत, असे उत्तर मिळाले. तांत्रिकदृष्ट्या दोन्ही उत्तरे खरी असतील. माहिती गोळा करण्याची तजवीज नसेल तर ती नसणारच.

एकूण मृत्यूंच्या आकड्याचेही तेच झाले. २०२१ अखेरपर्यंत कोविडचे अधिकृत मृत्यू सुमारे ४.८ लाख होते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० आणि २०२१ या दोन वर्षांतील भारतातील अतिरिक्त मृत्यूंचा अंदाज ४७ लाख दिला. भारत सरकारने या अंदाजाच्या पद्धतीवर तीव्र आक्षेप घेतला. त्यानंतर मे २०२५ मध्ये, म्हणजे साथीच्या दुसऱ्या लाटेनंतर चार वर्षांनी, २०२१चा नागरी नोंदणी अहवाल प्रसिद्ध झाला. देशात नोंदलेले मृत्यू २०१९ मध्ये ७६.४ लाख, २०२० मध्ये ८१.२ लाख आणि २०२१ मध्ये १ कोटी २ लाख. एका वर्षात सुमारे २१ लाखांची ही वाढ सरकारच्याच दप्तरात आहे. तिच्यातील काही भाग सुधारलेल्या नोंदणीचा आणि काही लोकसंख्यावाढीचा असेल. तरीही कोविडच्या अधिकृत आकड्याशी तिची तोंडमिळवणी होत नाही.

गुजरातचे उदाहरण बोलके आहे. तेथे कोविडचे अधिकृत मृत्यू सुमारे दहा हजार होते. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर ५० हजार रुपयांच्या सानुग्रह अनुदानासाठी मंजूर झालेले अर्ज ८० हजारांच्या पुढे गेले. अनुदानासाठी कोविड-मृत्यूची व्याख्या अधिक व्यापक होती हे खरे. पण त्यासाठीही चाचणीचा अहवाल किंवा रुग्णालयाची कागदपत्रे लागतच होती. ज्यांची चाचणीच झाली नाही, जे घरी किंवा वाटेत मेले, त्यांच्या वारसांना अर्ज करायलाही आधार नव्हता. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार देशातील सुमारे ७१ टक्के मृत्यूंचीच नोंद होते. पुरुषांपेक्षा स्त्रियांची आणि सुस्थितीतील कुटुंबांपेक्षा गरीब कुटुंबांतील मृत्यूंची नोंद कमी होते. म्हणजे नोंदवहीच मुळात एका बाजूला कललेली आहे.

एक अभ्यास आणि त्याला दिलेले उत्तर

या अंधारात एक कवडसा २०२४च्या जुलैमध्ये पडला. ‘सायन्स ॲडव्हान्सेस’ या नियतकालिकात काही अभ्यासकांनी याच कुटुंब आरोग्य सर्वेक्षणातील १४ राज्ये व केंद्रशासित प्रदेशांतल्या साडेसात लाखांहून अधिक लोकांच्या माहितीचे विश्लेषण केले. त्यांच्या मते २०१९च्या तुलनेत २०२० मध्ये भारतीयांचे सरासरी आयुर्मान २.६ वर्षांनी घटले. उच्चवर्णीय हिंदूंमध्ये ही घट १.३ वर्षांची, अनुसूचित जातींमध्ये २.७, अनुसूचित जमातींमध्ये ४.१ आणि मुसलमानांमध्ये ५.४ वर्षांची होती. बहुतेक देशांत पुरुषांचे नुकसान अधिक झाले. भारतात ते स्त्रियांचे झाले. पुरुषांच्या आयुर्मानात २.१ वर्षांची घट झाली, तर स्त्रियांच्या ३.१ वर्षांची.

हे शेवटचे निरीक्षण वाचताना मला पुन्हा १९१८ आठवते. त्या साथीतही भारतात स्त्रियांचे मृत्यू पुरुषांपेक्षा प्रमाणाने अधिक झाले होते आणि तेव्हाच्या आरोग्य अधिकाऱ्यांच्या ते ध्यानात आले होते. आजाऱ्याची शुश्रूषा करायची ती घरातल्या बाईने, सर्वांत शेवटी जेवायचे तिनेच आणि दवाखान्यात न्यायची वेळ आली की सर्वांत उशिरा नंबर लागायचा तोही तिचाच. शंभर वर्षांत घराच्या आतली ही उतरंड फारशी बदललेली नसावी.

केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने हा अभ्यास फेटाळला. सर्वेक्षणाचा एक भागच घेऊन देशाविषयी निष्कर्ष काढता येणार नाहीत, साथीच्या काळात गोळा झालेली माहिती सदोष असू शकते आणि २०२० मध्ये नोंदलेल्या मृत्यूंत झालेली वाढ केवळ ४.७४ लाखांची आहे, असे मंत्रालयाचे म्हणणे होते. यातील पद्धतीविषयीचे आक्षेप विचारात घेण्यासारखे आहेत. परंतु खरा प्रश्न त्यापुढचा आहे. हा अभ्यास चुकीचा असेल, तर बरोबर आकडे कोणते? नोंदणी व्यवस्थेतून मृत्यूंची बेरीज मिळते. दलित, आदिवासी, मुसलमान, सवर्ण यांच्यातील फरक मिळत नाही. सरकारने अभ्यासकांचा तक्ता खोडला आणि त्या जागी दुसरा ठेवला नाही. कारण ठेवायला तो नव्हताच.

नमुना क्रमांक २

मृत्यूची नोंद करताना जो अर्ज भरला जातो त्याला ‘नमुना क्रमांक २’ म्हणतात. काही काळापूर्वी एका वृद्ध नातलगाच्या निधनानंतर तो भरण्याचे काम माझ्याकडे आले आणि मी तो ओळीने वाचला. अर्जाचे दोन भाग असतात. पहिला कायदेशीर: नाव, पत्ता, तारीख, ठिकाण. दुसरा सांख्यिकीय: तो पहिल्यापासून वेगळा काढता येतो आणि नाव न सांगता आकडेवारीसाठी वापरायचा असतो. या दुसऱ्या भागात मृताचा धर्म आणि व्यवसाय विचारला जातो. मृत्यूपूर्वी वैद्यकीय मदत मिळाली होती का, हेही विचारले जाते. त्यानंतर मृत व्यक्ती धूम्रपान करीत होती का, तंबाखू खात होती का, सुपारी खात होती का, दारू पीत होती का आणि किती वर्षे, असे प्रश्न येतात.

व्यसनांविषयीचे प्रश्न निरर्थक आहेत असे मी म्हणत नाही. पण या यादीत एक दृष्टिकोन दडलेला आहे. मृत्यूची कारणे माणसाच्या सवयींत शोधायची असे हा अर्ज गृहीत धरतो. त्याचे घर किती खोल्यांचे होते, शौचालय स्वत:चे होते की सामायिक, घरात चूल होती की गॅस आणि तो कोणत्या सामाजिक प्रवर्गातील होता, हे तो विचारत नाही. जे विचारतो त्यातील व्यवसायाचा रकाना घाईत ‘मजूर’, ‘गृहिणी’, ‘नोकरी’ अशा एका शब्दात भरला जातो. त्यावर आधारित, पेशानुसार आणि आजारानुसार मृत्युदराचे कोष्टक देशाला कधी पाहायला मिळत नाही. मृत्यूचे कारण वैद्यकीयदृष्ट्या प्रमाणित होते तेदेखील जेमतेम पाव मृत्यूंच्या बाबतीत. २०२० मध्ये हे प्रमाण २२.५ टक्के होते.

दुसरीकडे ब्रिटनचे पाहा. तेथील राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने मे २०२० मध्येच, म्हणजे साथ ऐन भरात असताना, मृत्यूच्या नोंदी २०११च्या जनगणनेशी जोडून वयाचा परिणाम वगळता कृष्णवर्णीयांना कोविडने मृत्यू येण्याचा धोका गोऱ्यांच्या सुमारे चौपट असल्याचे जाहीर केले. त्याच महिन्यात पेशानुसार आकडे आले. सुरक्षारक्षक पुरुषांचा मृत्युदर कामकरी वयातील पुरुषांच्या सरासरीच्या चौपटीहून अधिक होता. हे आकडे सरकारला अडचणीचे होते, पण ते सरकारी यंत्रणेनेच दिले. माझ्या वसाहतीच्या फाटकावरील रखवालदाराची जोखीम किती होती, हे लंडनच्या आकड्यांवरून अनुमानावे लागते.

मोजण्याची भीती

या मागणीवर एक गंभीर आक्षेप आहे आणि तो टाळून पुढे जाता येणार नाही. साथीला समाजगटाचे नाव जोडले की काय होते, हे आपण २०२०च्या मार्च-एप्रिलमध्ये पाहिले आहे. दिल्लीतील तबलिगी जमातच्या मेळाव्याशी संबंधित रुग्णांची संख्या आरोग्य मंत्रालयाच्या दैनंदिन वार्तालापांत वेगळी सांगितली जाऊ लागली. बघता बघता विषाणूलाच धर्म चिकटला. भाजी विकणाऱ्या मुसलमानांना गल्लीतून हाकलण्यात आले. ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने मेळाव्यात सहभागी झालेल्या परदेशी नागरिकांवरील गुन्हे रद्द करताना, त्यांना बळीचा बकरा बनवले गेले असे स्पष्ट म्हटले. पण तोवर जे व्हायचे ते होऊन गेले होते. अशा देशात रोगाची नोंद जातिधर्मानुसार करणे म्हणजे आगीशी खेळ नव्हे काय?

या आक्षेपाचे उत्तर कशासाठी मोजायचे यात आहे. एप्रिल २०२० मध्ये जे मोजले गेले ते ‘रोग कोणी पसरवला’ हे होते. ते रोजच्या रोज, पूर्ण संदर्भाविना आणि एकाच समुदायापुरते जाहीर केले गेले. मी जे मागतो आहे ते ‘रोगाने कोणाचा बळी घेतला’ याचे मोजमाप. ते सर्व समाजगटांचे, वयाचा फरक लक्षात घेऊन, नावे वगळून आणि नियमित कालांतराने व्हावे. पहिल्या प्रकारात समाजगट आरोपी ठरतो. दुसऱ्यात राज्यसंस्था उत्तरदायी ठरते. बदनामीची भीती दाखवून दुसरे मोजमापही नाकारले, तर ज्यांची बदनामी झाली त्यांचेच नुकसान अदृश्य राहते. मुसलमानांच्या आयुर्मानात साडेपाच वर्षांच्या आसपास घट झाली असे एखादा अभ्यास सांगतो आणि त्याची शहानिशा करायला सरकारी आकडा नसतो, ही स्थिती त्या समाजाच्या हिताची नाही.

काय करता येईल

यासाठी मोठा खर्च किंवा नवी यंत्रणा लागणार नाही. जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यातील २०२३ची दुरुस्ती त्या वर्षीच्या १ ऑक्टोबरपासून लागू झाली आहे. नोंदणी डिजिटल होत आहे आणि राष्ट्रीय पातळीवरील माहितीकोशाची तरतूद झाली आहे. अशा वेळी नमुना क्रमांक २च्या सांख्यिकीय भागात तीन प्रश्न वाढवावेत: सामाजिक प्रवर्ग, घरातील खोल्यांची संख्या आणि शौचालयाचा प्रकार. उत्तर देणे ऐच्छिक ठेवावे. जनगणना कायद्याने व्यक्तिगत माहितीला गोपनीयतेचे संरक्षण दिले आहे आणि ते तसेच राहिले पाहिजे. म्हणून आपल्याकडे ब्रिटनप्रमाणे व्यक्तीची नोंद जनगणनेशी जोडण्याची गरज नाही. अर्जातून अंश मिळेल आणि जातीच्या नोंदीसह होणाऱ्या २०२७च्या जनगणनेतून छेद. प्रत्येक जिल्ह्याचा, प्रत्येक प्रवर्गाचा मृत्युदर त्यातून काढता येईल. ही संधी दहा वर्षांतून एकदाच येते.

दुसरे, व्यवसायाचा रकाना मोकळा न सोडता ठरावीक वर्गवारीतून भरून घ्यावा आणि पेशानुसार मृत्यूंचे कोष्टक दरवर्षी प्रसिद्ध करावे. तिसरे, सुमारे ८,८०० नमुना केंद्रांतून देशाचे जन्म-मृत्युदर काढणाऱ्या नमुना नोंदणी योजनेच्या अहवालांत सामाजिक प्रवर्गानुसार कोष्टके द्यावीत. संपूर्ण नोंदणी सुधारेपर्यंत हाच सर्वात विश्वासार्ह मार्ग आहे. चौथे, अहवालाला कालमर्यादा असावी. २०२१चे मृत्यू २०२५ मध्ये कळणे इतिहासकाराला चालेल, आरोग्य अधिकाऱ्याला नाही.

नीती आयोगाच्या तज्ज्ञगटाने सप्टेंबर २०२४ मध्ये पुढील महामारीच्या तयारीविषयीचा अहवाल दिला आणि सार्वजनिक आरोग्य आणीबाणीसाठी नवा कायदा सुचवला. सध्या आपण ज्याच्या आधारावर साथी हाताळतो तो कायदा १८९७चा, मुंबईतील प्लेगच्या वेळचा आहे. प्रशासनाला काय करता येईल हे तो सांगतो; प्रशासनाने काय मोजलेच पाहिजे हे सांगत नाही. नवा कायदा होणार असेल, तर साथीच्या काळात रुग्ण आणि मृत्यू यांची घर, पेशा व प्रवर्गानुसार आकडेवारी ठरावीक मुदतीत प्रसिद्ध करण्याचे बंधन त्यात असले पाहिजे. कोणत्या वस्तीत आधी चाचण्या न्यायच्या, कोणाला पगारी रजा द्यायची, पहिल्या लशी कोणाच्या दंडात टोचायच्या आणि पुनर्वसनाच्या इमारतींमध्ये किती मोकळी हवा ठेवायची, हे निर्णय त्या आकड्यांवरच घेता येतील.

आकड्यांनी विषमता मिटत नाही, हे मला मान्य आहे. १९१८चा तो तक्ता तयार झाल्यानंतर मुंबईतील ज्या वस्त्यांत ६१.६ हा आकडा घडला, त्या वस्त्यांची घरे काही मोठी झाली नाहीत. पण त्या तक्त्यामुळे एवढे नक्की झाले की, त्या मरणांना केवळ दैवगती म्हणून कोणाला हात झटकता आले नाहीत. २०२० आणि २०२१ मध्ये मरण पावलेल्या लाखो भारतीयांविषयी ते अजूनही म्हणता येते. पुढचा विषाणू कोणता असेल आणि केव्हा येईल ते कोणी सांगू शकत नाही. मात्र तो आल्यावर मृत्यूच्या अर्जात काय विचारलेले असेल, हे आजच ठरवणे आपल्या हाती आहे.